गुरुवारसाठी मागवलेली बॅटरी

आमच्या भागात रविवार गुरुवारी येतो. कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, आणि कंपन्या बंद म्हणून वीजवाल्यांची तारा ओढायची, ट्रान्सफॉर्मर उघडायची कामंही गुरुवारीच. माणूस घरी असतो नेमकी तेव्हा लाईट नसते. सकाळी नवाच्या सुमारास जाते ती पार संध्याकाळपर्यंत. दर गुरुवारी जातेच असं नाही, पण जाणार नाही अशा भरवशावर कोणी वाटण शिल्लक ठेवत नाही. माझं माहेर बीडकडचं. लग्न होऊन चाकणला आले तेव्हा या प्रकाराचं मला नवल वाटलं होतं. मग मीही एका कंपनीत लागले. गाड्यांच्या वायरींचे जुडगे बोर्डावर बांधायचे आणि तपासायचे, असं काम होतं. गुरुवार माझ्याही अंगवळणी पडला.

पुढे आमची अख्खी लाईन दुसऱ्या राज्यात गेली आणि मी घरी बसले. बसणं माझ्या स्वभावात नाही. महिनाभर मी घरातल्या सगळ्यांच्या चुका काढल्या, मग नवराच म्हणाला की काहीतरी काम शोध, नाहीतर मी ओव्हरटाइम मागून घेतो. मी अंडी उबवायचं मशीन घेतलं. कमरेएवढी पेटी, आत गरम होणारी कॉइल, एक पंखा आणि अंडी आपोआप कलती करणारे ट्रे. गावरान पिल्लांना आमच्याकडे चांगलं गिऱ्हाईक आहे. मशीन दारात उतरलं तेव्हा नवऱ्याने त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "एवढ्या लांब येऊन शेवटी कोंबडीचंच काम धरलंस म्हण की."

आम्ही कुरुळीच्या पुढे राहतो, एका मावशींच्या चार खोल्यांपैकी शेवटच्या खोलीत. मावशी मूळच्या गावातल्याच. जमीन कंपन्यांत गेली, बैल गेले, म्हशी गेल्या, खळं होतं तिथे आता कुणाच्या तरी गोदामाची भिंत आहे. राहिल्या त्या कोंबड्या. पण साध्या नव्हेत. डोक्यावर पिसांचा गोंडा असलेल्या, नव्या नवरीसारख्या मान ताठ ठेवून चालणाऱ्या. मावशी पहिल्या माहेरपणाहून परत निघाल्या तेव्हा त्यांच्या आईने दोन तलंगा, नुकत्या अंड्यावर आलेल्या कोंबड्या, पाटीत घालून बरोबर दिल्या होत्या. हे सगळं गोंडेवालं खानदान त्या दोघींचं. मावशींचं माहेर आता उरलेलं नाही. आई नाही, भाऊ नाही, घराच्या जागी रस्ता आहे. कोंबड्यांना दाणे टाकताना त्या "या गं माझ्या माहेरवाल्या" म्हणून हाका मारायच्या, आणि मी पहिल्यांदा ते ऐकून हसले होते.

माझी पहिली उबवण विकतच्या अंड्यांची होती. पिल्लं कवच फोडायला लागली आणि लाईट गेली. ती संध्याकाळपर्यंत आलीच नाही, आणि पिल्लं आतच गेली. दुसऱ्या खेपेला मावशींनी मोठ्या मनाने आपली गोंडेवाली अंडी दिली. तेव्हाही तेच. मी घाबरून मशीनवर दोन गोधड्या टाकल्या, आत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवल्या. ऊब राहिली, पण हवा कोंडली. संध्याकाळी लाईट आली तेव्हा पिल्लांची कवचावरची आतली टोचणी थांबली होती. मावशींनी ती अंडी पदरात घेतली आणि "असू दे" एवढंच म्हणाल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, आणि सकाळी उठले ती एकच ठरवून. गुरुवारचा बंदोबस्त करायचा.

बंदोबस्त म्हणजे बॅटरी. साधी इन्व्हर्टरची बॅटरी घेऊन बघणार होते, पण ती दिवसभर मशीन ओढणार नाही, आणि ओढली तर वर्षभरात आडवी होईल, असं सगळे म्हणाले. लिथियमची घ्या, सोलरला लावायची, पत्र्यावर पॅनेल टाका, दिवसा तीच भरत राहील. भोसरीत चौकशी केली. किंमत ऐकून मी दुकानदाराच्या पंख्याचा वारा तेवढा घेऊन परत आले. मग मोबाईलवर शोधता शोधता परदेशातले विक्रेते सापडले. तीच बॅटरी, तेच आकडे, आणि निम्म्याहून कमी किंमत. खाली शेकडो लोकांनी चांदण्या दिलेल्या.

नवरा गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो. बॅटरीतलं आपल्याला कळतं असा त्याचा ठाम समज आहे. "जो माणूस दिसत नाही त्याच्याकडून बॅटरी घेतात का?" तो म्हणाला. मी म्हटलं, "भोसरीतला दिसत होता, म्हणून काय स्वस्त देत होता?" आणि मी ऑर्डर केली.

विक्रेत्याशी बोलणं मोबाईलवरच. तो त्याच्या भाषेत लिहायचा, मोबाईल त्याचं मराठी करून द्यायचा. "प्रिय मित्रा, माल जहाजाने येत आहे, कृपया आनंदी राहा." मी आनंदी राहत नव्हते. मी दर दोन दिवसांनी विचारत होते. माल बंदरात अडकला, कुरिअरवाल्यांनी कागद मागितले, कर भरायला लावला, मग पार्सल आमच्याकडे येण्याऐवजी रहाटणीच्या ऑफिसात जाऊन पडलं. प्रत्येक ठिकाणी मी फोन केला आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट पहिल्यापासून सांगितली. कंपनीत आमची सुपरवायझर म्हणायची की या बाईच्या हातातून खराब वायर सुटत नाही आणि तोंडातून माणूस. ते काही खोटं नाही.

त्याच दिवसांत गावात कोंबड्यांची मर आली. सकाळी मान टाकायची, दुपारपर्यंत खेळ खलास. लस टोचायला माणूस आला तोवर मावशींचं खुराडं रिकामं झालं होतं. एकही गोंडा राहिला नाही. मर यायच्या आधी काढून ठेवलेली अंडी तेवढी माठाशेजारच्या गारव्यात पाटीत होती. मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता. मावशींनी घट मांडला, पूजा केली आणि लाईट आल्यावर ती पाटी डोक्यावर पदर घेऊन माझ्या दारात आणली. त्या दिवशी त्या अंड्याला एरवी हात लावत नाहीत.

"ही खायाची न्हाईत," त्या म्हणाल्या. "ही लक्ष्मी हाय. आजच ठिव. चांगला दिवस हाय."

"मावशी, दोनदा माझ्या हातून गेलीत," मी म्हणाले. "दुसऱ्या कुणाची अंड्यांवर बसणारी खुडूक कोंबडी बघू का?"

"कुणाची बघती? गावात कोंबडी ऱ्हायली का? तूच ठिव, पोरी."

मी हात धुऊन एकेक अंडं ट्रेमध्ये मांडलं. ही फुटली नाहीत तर तिसरी संधी नव्हती, कारण अंडी घालायला मागे कोणी नव्हतं.

बॅटरी त्यानंतर चार दिवसांनी आली. नवरा स्वतः रहाटणीहून मोटरसायकलला बांधून घेऊन आला. खोक्यात चारी बाजूंनी तळहाताएवढ्या जाडीचा काळा फोम, आणि मधे निळा डबा. नवऱ्याने तो उलटा केला, आडवा केला, कानाजवळ नेऊन हलवला. मग बाहेर जाऊन मोटरसायकलला अडकवलेल्या पिशवीतून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणला.

"हे कशाला?" मी विचारलं.

"पाणी नको का टाकायला? पण याची झाकणं कुठं लपवलीत?"

लिथियमला पाणी लागत नाही हे मी त्याला दोनदा सांगितलं. जी बॅटरी पाणी मागत नाही ती बॅटरीच नव्हे, असं म्हणून तो कॅन परत ठेवायला गेला. पुढे आठवडाभर तो घरात उपाशी बसलेल्या पाहुण्याकडे बघावं तसा तिच्याकडे बघत होता.

मला मात्र वेगळीच शंका आली होती. डबा हलका वाटत होता. जाहिरातीत वजन लिहिलेलं होतं, म्हणून मी बॅटरी चादरीत गुंडाळून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेली. दुकानदाराने साखरेचं पोतं बाजूला केलं आणि ती काट्यावर ठेवली. लिहिलेल्या वजनाच्या मानाने ती चांगलीच कमी भरली. "वहिनी, मापात पाप आहे," तो म्हणाला. त्याने ते सांगावं याचं मला हसू आलं.

मी काट्याचा फोटो विक्रेत्याला पाठवला. उत्तर आलं, "प्रिय मित्रा, तुमच्याकडे हिवाळा आहे, थंडीत वजन कमी दिसते." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेरा वर्षं मी माल तपासला आहे. थंडीत वजन कमी होतं असं मला आजवर एकाही पुरवठादाराने सांगितलेलं नव्हतं, आणि त्यांच्यात एकापेक्षा एक थापाडे होते.

दुसऱ्या गुरुवारी लाईट गेलीच नाही, तिसऱ्या गुरुवारी खरी परीक्षा झाली. लाईट गेल्या गेल्या मशीन बॅटरीवर घेतलं. पॅनेल पत्र्यावर होतंच, भोसरीहून आणलेलं जुनं, कोपरा तडकलेलं. दुपारचं जेवण होईपर्यंत सगळं व्यवस्थित चाललं. मग एकदम पंखा थांबला. लाईट यायला अजून बराच वेळ होता. मधल्या दिवसांतली अंडी थोडा गारवा सोसतात, म्हणून निभावलं. पण येत्या गुरुवारी पिल्लं बाहेर पडायची होती, आणि तेव्हा हा खंड चालणार नव्हता.

मग मी त्या विक्रेत्याच्या मागे लागले. कंपनीत खराब माल परत करताना जसं लिहायचो तसंच लिहिलं. काय कबूल केलं होतं, काय आलं, कसं तपासलं, पुरावा कुठे. बॅटरीवर लाल कागद चिकटवून वर 'नापास' लिहून त्याचाही फोटो पाठवला. त्याने आधी थोडी सूट देऊ केली. मी म्हटलं, सूट नको, बॅटरी पाहिजे. मग म्हणाला, दुसरी पाठवतो, पण जहाजाने, वेळ लागेल. वेळ नाही, मी लिहिलं. त्यावर त्याने विचारलं, एवढी घाई कशाची? मी रागाच्या भरात सगळं लिहून टाकलं. मावशी, मर, गोंडा, गुरुवार, सगळं.

उत्तर आलं, "प्रिय मित्रा, माझी आई बदके पाळत होती. कोंबडीच्या अंड्याला तीन आठवडे लागतात. तुम्ही गुरुवारी ठेवता, म्हणून गुरुवारी फुटतात. गुरुवारी वीज नसते. तुम्ही गुरुवारी का ठेवता?"

मी ते तीनदा वाचलं आणि मोबाईल गादीवर आपटला. तिन्ही खेपा मी गुरुवारीच अंडी ठेवली होती. का, तर सुट्टी. नवीन काम सुट्टीच्या दिवशी काढायचं, संध्याकाळी लाईट आली की मशीन सुरू करायचं, हे इतकं हाडीमांसी भिनलेलं की नोकरी सुटून वर्ष झालं तरी माझी सुट्टी गुरुवारीच होती. लाईनवर काही बिघडलं की आम्ही पाच वेळा 'का' विचारायचो. भिंतीवर तसा बोर्डच होता. घरी मी एकदाही विचारलं नाही. समुद्रापलीकडच्या एका थापाड्याने विचारलं. नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, आणि थोड्या वेळाने मीही हसले, पण माझं हसू लवकर संपलं. ही अंडी तर ठेवून झाली होती. ती काही रविवारपर्यंत थांबणार नव्हती.

मावशींना सांगितलं तर त्या बधल्या नाहीत. "गुरुवारी न्हाई ठिवायची तर मंग कवा, अमुशाला? लाईट वाईट हाय, वार वाईट न्हाई." त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. आता जे आहे त्यातच भागवायचं होतं. बॅटरी निम्मी आहे ना, मग मशीनची भूक निम्मी करू. हे एकदा डोक्यात आलं आणि मला कंपनीतल्यासारखं वाटायला लागलं. काय वाया जातंय ते आधी बघायचं. मशीनच्या पत्र्यावर हात फिरवला तर तो कोमट. म्हणजे ऊब बाहेर पळत होती.

बॅटरीच्या खोक्यातला तो काळा जाड फोम मी टाकून दिला नव्हता. अख्ख्या व्यवहारात तेवढंच एक अस्सल आलं होतं. तो कापून पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून बांधला. वरच्या बाजूला आणि दाराला पुरला नाही. नवऱ्याने गोदामात साहेबांना विचारून, रीतसर गेटपास करून, भंगारात निघालेलं थर्माकोलचं पॅकिंग आणलं. वॉचमनने गेटवर विचारलं की एवढा थर्माकोल कशाला, तर म्हणाला, "बायकोच्या अंड्यांना स्वेटर." हवेची भोकं मात्र मी मोकळी ठेवली. गोधडीची चूक मला पुन्हा करायची नव्हती. आतला दिवा काढला. पॅनेल धुऊन घेतलं आणि सूर्य सरकेल तसं फिरवता यावं म्हणून दोन विटांवर टेकवलं. बुधवारी बॅटरी पूर्ण भरून ठेवली.

गुरुवारी लाईट नेहमीच्या वेळेच्या आधीच गेली. टोचणी सकाळपासून सुरू झाली होती. काचेतून पाहिलं तर दोन अंड्यांना तडा. मावशी घट मांडून, उपास धरून माझ्या खोलीत येऊन बसल्या. दर थोड्या वेळाने म्हणायच्या, "जरा उघडून बघती का?" मी म्हणायचे, "नाही, मावशी." दार उघडलं तर ऊब जाते, ओल जाते, पिल्लू कवचाला चिकटतं. शेवटी मी पेटीसमोर पाट टाकून बसले, म्हणजे त्यांचा हात पोचू नये.

दुपारी ज्या वेळेला गेल्या खेपेस पंखा थांबला होता, ती वेळ आली. पंखा फिरत होता. नवरा पत्र्यावर चढून पॅनेल फिरवत होता आणि वरून विचारत होता, "चालू आहे का?" मी खालून सांगत होते, "चालू आहे." असं किती वेळा झालं देव जाणे. शेजारच्या खोल्यांतली माणसं ओट्यावर येऊन बसली होती, क्रिकेटचा सामना असल्यासारखी.

पण ऊन उतरलं आणि लाईट आली नाही. कुठेतरी केबल जळाली होती. बॅटरीवरच्या छोट्या पडद्यावरच्या रेघा एकेक करत कमी झाल्या आणि एकच उरली. नवरा खाली उतरला आणि माझ्या शेजारी बसला. मला रडू येत होतं, पण मावशी समोर होत्या. मी एकेक वायर तपासली, सांधा कुठे सैल आहे का पाहिलं. हात कामात असला की मी रडत नाही.

ती रेघ लुकलुकायला लागली तेव्हा आतून आवाज आला. टोचणीचा नव्हे. चिवचिवाट. एक, मग दोन, मग मोजता येईनात. मावशींनी पदर तोंडाला लावला. थोड्या वेळाने पंखा थांबला. मी काचेला कान लावून बसले. चिवचिवाट चालूच होता. बाहेर पडलेल्या पिल्लांच्या अंगची ऊब आणि त्या फोमने कोंडलेली ऊब, एवढ्यावर आतला तापमानाचा काटा हळूहळू, अगदी हळूहळू उतरत होता. तो फार खाली जायच्या आत गल्लीत सगळ्या खोल्यांमधले दिवे एकदम लागले. आमच्या ओट्यावर कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

सगळी फुटली नाहीत. अठ्ठावीसातली एकोणीस. आणि ती ओली, चिकट, सगळी सारखीच दिसणारी. मावशी काचेला नाक लावून विचारत राहिल्या, "गोंडा हाय का गं? दिसतो का?" ओल्या पिल्लाच्या डोक्यावर काही दिसत नाही. मी म्हटलं, उद्या सांगते. त्या उपास सोडायला गेल्या.

त्या विक्रेत्याने नंतर दुसरी बॅटरी पाठवली, मी पाठ सोडली नाही म्हणून. ती वजनाला पुरी भरली. त्याने विनंती केली की पाच चांदण्या द्या. मी दोन दिल्या. एक फोमची आणि एक त्या प्रश्नाची.

शुक्रवारी सकाळी चहा टाकायच्या आधी मी मशीन उघडलं. पिल्लं सुकून कापसासारखी फुगली होती. मावशी दारातच उभ्या होत्या, केव्हापासून कोण जाणे. मी एक पिल्लू उचलून त्यांच्या ओंजळीत ठेवलं. त्याच्या डोक्यावर बोराएवढा मऊ फुगवटा होता. मावशींनी त्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"माझ्या आयनं पाटीत घालून दिली व्हती," त्या म्हणाल्या, जणू मला ठाऊकच नव्हतं. मग त्यांनी पिल्लू छातीशी धरलं आणि हलक्या आवाजात त्याला म्हणाल्या, "आलीस गं माहेराहून?"